वायरमनकाकांची मोरी

वायरमनकाकांनी माझ्या ट्रंकेला आधी पालथा हात लावला, क्षणभर थांबले आणि मगच ती उचलली. मी कराडकडची, जव्हारच्या तहसील कचेरीत पहिल्याच नेमणुकीवर आलेली, घाटावरचा सगळा ताठा सोबत घेऊन. मला वाटलं, हा माणूस माझी जात-पात तपासतोय की काय! रागच आला. पुढे कळलं की जगातल्या प्रत्येक वस्तूशी त्यांची पहिली ओळख पालथ्या हातानेच होते. दाराची कडी, चहाचा कप, बाजारातला नारळ, शेजारच्यांचं मांजर, सगळ्यांना आधी पालथा हात. तळहात लावला आणि वस्तूत करंट असला तर बोटं आवळली जातात, वस्तू सुटत नाही. पालथा हात लावला तर झटका बसून हात मागे येतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत विजेच्या खांबांवर चढण्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसाची ती सवय होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी सुटली नव्हती.

"काका, नारळात कुठून येणार करंट?" मी एकदा न राहवून विचारलं.

"येत नाय," ते म्हणाले. "पण हाताला सांगून ठेवलेला बरा."

त्यांचं खरं नाव घरपट्टीच्या पावतीवर तेवढं असायचं. सगळं गाव त्यांना वायरमन म्हणायचं, म्हणून मी वायरमनकाका म्हणायला लागले. मूळचे पोशेऱ्याचे, भात-नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतकरी घरातले. नोकरीमुळे जव्हारला आले, पाचबत्तीच्या मागच्या आळीत पत्र्याचं घर बांधलं आणि पुढची खोली भाड्याने द्यायला काढली. बुटके, काटक, पायाच्या पिंडऱ्या दगडासारख्या. चालताना नजर कायम वर, तारांकडे. रस्त्यात शेण असो, खड्डा असो, कुत्रं असो, त्यांनी खाली बघितलेलं मी पाहिलं नाही. आणि तरीही ते कधी अडखळायचे नाहीत. मी मात्र खाली बघून चालूनसुद्धा पहिल्या पावसाळ्यात तिथल्या लाल चिखलात यथास्थित लोळण घेतली होती.

त्यांची दुसरी खोड अधिक त्रासदायक होती. घरात कोणी उंचावर चढलं, मग ती पाटाइतकी उंची का असेना, की हे कुठूनतरी धावत यायचे, खाली उभे राहायचे आणि बोलायला लागायचे. मी एकदा खुर्चीवर उभी राहून कपड्यांची दोरी बांधत होते. हे आले आणि सुरू झाले, "काल रातच्याला भात खाल्ला. उडदाचा वरण होता. वरण जरा पातळ झाला होता, पण वास बरा होता. मग पापड खाल्ला..." मी दोरी बांधून खाली उतरले, तसे ते अर्ध्या वाक्यात थांबले आणि निघून गेले. मी खुर्ची हातात धरून नुसती बघत राहिले.

काकी आतून म्हणाल्या, "त्याच्याकडं लक्ष नको देऊ. त्याला सवय हाय."

काकी नवऱ्याला बिनदिक्कत अरे-तुरे करायच्या. आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर सासूने घर डोक्यावर घेतलं असतं. इकडे डोंगरातल्या घरांत ते साधं आहे, आणि काकी तर खोडाळ्याकडच्या, तोंडाच्या तिखट. त्या काकांना दिवसातून पुष्कळदा वेड्यात काढायच्या आणि काका ते मान डोलावून मान्य करायचे.

या सवयीमागचं कारण मला पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी कळलं. लाईन गेली होती, आम्ही ओट्यावर बसलो होतो. काका म्हणाले, पावसात खांबावर चढलं की माणसाला काही दिसत नाही. डोळ्यात पाणी, हातात पक्कड, कमरेला पट्टा. आपण जमिनीपासून किती वर आहोत तेही विसरायला होतं. अशा वेळी खाली उभा असलेला जोडीदार सतत बोलत राहिला पाहिजे. काय बोलतो याला महत्त्व नाही. काय जेवला ते सांगेल, म्हशीला काय झालं ते सांगेल. "वर चढलेल्याला खालून आवाज पाहिजे," ते म्हणाले. "आवाज बंद झाला का वरच्यानं काम सोडून उतरायचा. माझा जोडीदार चांगला होता. लय खोटा बोलायचा, पण थांबायचा नाय." एवढं सांगून ते पुन्हा अंधारात तारांकडे बघत बसले. उभ्या नोकरीत ते एकदाही खाली आले नव्हते. 'पडणं' हा शब्द ते वापरतच नसत, 'खाली येणं' म्हणत.

आणि ज्या घरात हा माणूस राहत होता, त्या घरात काकी पडल्या. सपाट जमिनीवर, मोरीत.

आमची मोरी घराच्या मागच्या बाजूला, मधला दरवाजा ओलांडून ओट्याला लागून होती. भाडेकरू म्हणून मीही तीच वापरायची. खाली शहाबादी फरशी, आणि जव्हारचा पाऊस म्हणजे चार-चार महिने फरशीवरचं शेवाळ हटायचं नाव घेत नाही. काकी रोज घासायच्या. त्या दिवशी घासतानाच पाय सटकला. मी कचेरीत होते. काका खोडाळ्याला गेले होते, कोणाच्या तरी घरी मीटरपासची वायर जळाली म्हणून. निवृत्त झाले तरी लोक बोलवायचे आणि हे जायचे. पाऊस पत्र्यावर इतका कोसळत होता की काकींनी मारलेल्या हाका शेजारच्या भिंतीपलीकडेही गेल्या नाहीत. त्या सकाळपासून तशाच पडून होत्या.

मी दुपारी डबा विसरला म्हणून घरी आले तेव्हा काका नुकतेच पोचले होते. ते ओल्या फरशीवर मांडी घालून बसले होते. काकींचं डोकं मांडीवर होतं. त्यांनी कोणाला तरी जीप आणायला पाठवलं होतं आणि जीप येईपर्यंत ते बोलत होते. "सकाळी खोडाळ्याला चहा घेतला. चहा गोड होता. मग त्यांनी भाकर दिली, नागलीची. संगती चटणी होती..." आवाज एकसारखा, ना चढ ना उतार. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाजाला त्याचा पत्ताच नव्हता. मी दारात उभी होते. त्या क्षणी मला या माणसाबद्दल जे वाटलं, त्याला आदर म्हणणं फार कमी होईल. मला त्यांची भीतीच वाटली, देवळात वाटते तशी.

काकींच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. नाशिकला ऑपरेशन झालं, आणि मग त्या तिथेच मुलीकडे राहिल्या. हाड जुळलं, वॉकर धरून चालायलाही लागल्या. पण मोरीचं नावही काढू द्यायच्या नाहीत. मुलीच्या फ्लॅटमधल्या चकचकीत बाथरूममध्येही त्या पाऊल टाकेनात. मुलगी पलंगावरच अंग पुसून घ्यायची. काका भेटायला गेले तेव्हा काकींनी त्यांना स्पष्ट सांगितलं, "त्या मोरीत मी पाय ठेवायची नाय. आन दुसऱ्याच्या हातानं आंघोळ करायची तर घर तरी कसाला पाहिजे? मी येत नाय जव्हारला." काका परत आले आणि ओट्यावर बसले. तारांकडे बघेनात, मोरीच्या दाराकडे बघत राहिले. काकी घरी येणार की नाही, ते त्या एवढ्याशा खोलीवर येऊन ठेपलं होतं.

त्यानंतरचा काही काळ ते फक्त लोकांचे पाय बघायचे. माझ्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांना दाभोसाचा धबधबा दाखवायला काका जीपमधून आमच्यासोबत आले. आम्ही धबधब्याकडे बघून ओरडत होतो. हे पाठ फिरवून बसले आणि शेवाळलेल्या दगडांवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं निरखत राहिले. कोण टाच टेकतं, कोण बोटं रोवतं, कोणाची चप्पल सरकते. परत येताना मैत्रिणीने मला विचारलं, "तुझे घरमालक जरा हे आहेत का गं?" मी म्हटलं, जरा नाही, पुरते आहेत.

नाशिकच्या पुढच्या फेरीत त्यांना हवं ते सापडलं. दवाखान्यात काकींना चालण्याचे व्यायाम द्यायचे त्या खोलीची जमीन वेगळी होती. मऊ, हिरवट, बिनसांध्याची. काकी तिथे बाजूचा दांडा सोडून चार पावलं चालल्या. त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आलं नाही, काकांच्या आलं. ते तिथल्या तिथे खाली बसले आणि जमिनीला पालथा हात लावला. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, लिनोलियम. नाशिक ते जव्हार अख्खा रस्ता ते नाव घोकत आले. मी दार उघडलं तर नमस्कार नाही, चमत्कार नाही, "लिनोलम!"

मी समजावलं. काका, ते दवाखान्यात, ऑफिसात टाकतात. आपल्याकडे मोरीत बादलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतात, कापडासारखं ते खालून कुजेल. आळीतल्या गवंड्यानेही तेच सांगितलं, खरखरीत टाइल बसवून देतो म्हणाला. काकांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "टायलीवर ती चालली नाय," ते म्हणाले. "त्याच्यावर चालली."

जव्हारच्या दुकानात रेक्झीनसारखी गुळगुळीत शीट मिळत होती, टीव्हीखाली अंथरायची. काकांनी तिला पालथा हात लावला आणि परत दिली. शेवटी एका रविवारी मला बळंच सोबत घेऊन नाशिकला गेले. दुकानदाराने गाद्या दाखवाव्यात तसे एकेक रोल उलगडले. काकांनी चपला काढल्या, पिशवीतून पाण्याची बाटली आणि अंगाचा साबण काढला. दुकानदार काही म्हणायच्या आत नमुन्याच्या तुकड्यावर पाणी ओतलं, साबण फासला आणि त्यावर एका पायावर उभे राहिले. गिऱ्हाइकं जमली. मी रस्त्याकडे तोंड करून आपण यांच्यासोबत नाही असं दाखवायचा प्रयत्न करत होते. अर्धं दुकान ओलं झाल्यावर त्यांनी बारीक खडबडीत कणांची, बाथरूमसाठीच असलेली, जाड राखाडी शीट पसंत केली. दुकानदार म्हणाला, हे खरं लिनोलियम नाही, व्हिनाइल आहे, लिनोलियमला पाणी सोसत नाही. काकांनी मान हलवली आणि पुढेही तिला लिनोलमच म्हणत राहिले.

रोल वाकवायचा नाही, असं दुकानदाराने बजावलं होतं. कंडक्टर म्हणाला टपावर टाका. काकांनी ऐकलं नाही. गर्दीच्या गाडीत, घाटाच्या वळणांवर, मोखाडा येऊन गेलं तरी ते त्या रोलला कवेत धरून उभेच होते. मी जागा देऊ केली तर म्हणाले, "ह्याला बसता येत नाय, मी कसा बसू?"

मग घरातल्या मोरीचं काम सुरू झालं. गवंडी नको, कोणी नको, सगळं स्वतःच्या हाताने. शहाबादी उखडली. शीट सपाट बसायची तर खालची जमीन सपाट हवी, असं दुकानदाराने सांगितलं होतं. काकांनी सिमेंट ओतलं, फळी फिरवली, पाणी टाकलं, पाण्याकडे बघून पुन्हा फळी फिरवली, पुन्हा पाणी टाकलं. उकिडवे बसून मागे मागे सरकत ते असं काही काम करत होते की मी कचेरीला उशीर झाला तरी बघत राहिले. जमीन झाली ती काचेसारखी. गवंडी बघायला आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. असं काम मी मशीनवरही बघितलं नाही, असं म्हणाला.

आता ती वाळायला हवी. जव्हारमध्ये पाऊस ओसरला तरी हवेतली ओल जात नाही, पुस्तकं फुगतात, मीठ पाझरतं. मी म्हटलं, मोठा दिवा लावून ठेवा. वायरमन माणूस माझ्यावर उखडला, "पाणी आन लाईन एका खोलीत?" मग घमेल्यात निखारे भरून ते मोरीत ठेवायला लागले. वाळलं की नाही हे कळायला त्यांनी नागलीचा भाजलेला पापड जमिनीवर ठेवायचा आणि वर वाटी पालथी घालायची. सकाळी वाटी उचलून पापड कानाशी मोडायचे. पापड सादळला असेल तर मुकाट्याने घमेलं भरायला जायचे. एका सकाळी कुरकुर वाजला, आणि तो पापड त्यांनी अर्धा मला दिला. मोरीतला पापड मी दुसऱ्या कोणाच्या हातून खाल्ला नसता.

शीट कापून अंथरली, कडा भिंतीवर वीतभर चढवल्या. सोल्यूशन लावून चिकटवायच्या आधी अर्थातच चाचणी. काकांनी बादली ओतली.

पाणी पसरलं आणि थांबलं. जाळीकडे जाईना, कुठेच जाईना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखं, बोटाच्या पेरभर, शांत उभं राहिलं. आम्ही दोघं बघत होतो. मोरीला ढाळ लागतो, ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, काकांना ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? पण पोशेऱ्याला लहानपणापासून चिखलणी करून, फळी फिरवून भाताची खाचरं सपाट करत आलेला हात. रोपांच्या पायाशी पाणी सारखं उभं राहावं, एवढंच तिथे शिकलेला. त्याने मोरीचंही खाचर केलं होतं, कडा भिंतीवर चढवून बांधसुद्धा घातला होता.

"आता भाताची आवणीच करून टाका, काका," माझ्या तोंडून गेलं.

ते हसले नाहीत. स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "हात पोशेऱ्याचा हाय. ही मोरी हाय, हे हाताला सांगायचाच राहिला."

दिवाळीच्या आधी मुलगी काकींना घेऊन येणार होती. फार गळ घालून, फक्त बघून जाऊ, नाही पटलं तर परत नेते, या बोलीवर. दिवस हाताशी उरले नव्हते आणि परतीचा पाऊस पुन्हा सुरू झाला होता. गवंडी म्हणाला, फोडू नका, इतकी देखणी जमीन फोडवत नाही, वरून थोडा थर देऊ. काकांनी छिन्नी घेतली आणि आपणच केलेली ती जमीन कोपऱ्यापासून फोडायला लागले. न चिडता, न उसासे टाकता. मला बघवेना.

या वेळी मोरीत पाय ठेवायच्या आधी ते तिथे थोडा वेळ हात जोडल्यासारखे बसले. हातांशी काही बोलले असावेत, मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी ओल्या सिमेंटवर थोडं थोडं पाणी सोडलं आणि त्यावर भाताचं तूस भुरभुरलं. तूस तरंगत ज्या बाजूला जाईल ती बाजू बघायची, जिथे अडेल तिथे तळहाताने हलकेच दाबायचं. पुन्हा पाणी, पुन्हा तूस. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. पाणी ओतलं, तूस टाकलं. ते सोनेरी तूस चारी कोपऱ्यांतून सावकाश निघालं, कुठे घाई नाही, कुठे घुटमळणं नाही, आणि एकेक करत जाळीत उतरलं. मागे एक कण राहिला नाही. मी ते पुन्हा करून दाखवायला लावलं. उभ्या आयुष्यात मी बघितलेल्या सुंदर गोष्टींत ती मोरी आहे, कोणी हसलं तरी हरकत नाही.

पुन्हा निखारे, पुन्हा पापड. शीट चिकटली. आणि मग काकांनी जे केलं त्याने माझा जीव अर्धा झाला. त्यांनी शीटभर साबणाचा फेस केला, उपरण्याने स्वतःचे डोळे बांधले आणि आत चालायला लागले. भिंतीला हात न लावता, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मध्येच गर्रकन वळून. सत्तरी गाठलेला माणूस!

"काका, पडाल!" मी किंचाळले.

"पडायचा आसंल तर आधी मी पडतो," उपरण्याआडून आवाज आला. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "तू दारात उभी हायस ना? मग बोल कायतरी."

मी कचेरीतल्या साहेबांची नक्कल केली, दाखल्यांच्या रांगेतल्या भांडणाची गोष्ट सांगितली, सकाळी काय खाल्लं ते सांगितलं. ते चालत राहिले. एकदाही पाय सरकला नाही.

काकी आल्या. गाडीतून उतरल्या, वॉकर टेकत थेट मागच्या ओट्यावर गेल्या. मोरीच्या दारात थांबल्या आणि राखाडी शीटकडे बघत म्हणाल्या, "ही कसली चादर टाकलीस? हिच्यावर पाय देयाचा का निजायचा?"

किती खपलो, काय काय केलं, एक अक्षर नाही. काकांनी पुढे होऊन काकींच्या गालाला पालथा हात लावला, क्षणभर ठेवला आणि मग ओट्याच्या कडेला मोरीकडे पाठ करून बसले. "दार निसता लोट," ते म्हणाले. "मी हाय."

काकी बराच वेळ उभ्या होत्या. मुलगी पुढे व्हायला लागली, मी तिचा दंड धरला. आणि काकांनी सुरुवात केली. "काल रातच्याला भात खाल्ला. ह्या पोरीनं वरण केलता. वरण घाटावरचा होता, गूळ घातलेला, मला नाय आवडला..." बोलता बोलता मागे दार लोटल्याचा आवाज झाला. त्यांनी वळून बघितलं नाही. पाणी ओतल्याचा आवाज झाला. काका पापडापर्यंत आले होते.

तेवढ्यात आत धाडकन काहीतरी आदळलं.

काकांचं बोलणं तुटलं. ते उठले, पण पाऊल पुढे पडेना. खांबावर कधी न घाबरलेला माणूस पांढराफटक पडून ओट्यावर उभा होता.

"तांब्या!" आतून काकी खेकसल्या. "तांब्या पडला रे, मी नाय! तू कसाला थांबलास? बोल ना!"

काका मटकन खाली बसले आणि त्यांनी पुन्हा भातापासून सुरुवात केली.

काकी नाशिकला परत गेल्या नाहीत. रोज सकाळी काकी आत आणि काका बाहेर, आणि कालचं जेवण आळीला ऐकू. माझी पालघरला बदली झाली तोवर मी हे रोज ऐकलं. एकही सकाळ चुकल्याचं मला आठवत नाही.

बदलीनंतरच्या भातकापणीच्या दिवसांत काका झोपेतच गेले. मला उशिरा कळलं, मी पोचले तेव्हा दिवसकार्य होऊन गेलं होतं. मुलगी सामान बांधत होती. आईने बरेच दिवस आंघोळ केली नाही, मोरीकडे फिरकत नाही, आता तिला इथे एकटीला कशी ठेवू, असं म्हणत होती. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ गेले. त्यांच्या गालाला पालथा हात लावला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वॉकर ओढला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि उठल्या.

मोरीचं दार लोटलं गेलं. मी ओट्याच्या कडेला, काकांच्या जागी, मोरीकडे पाठ करून बसले. आत पाण्याचा आवाज होईना.

"हाय का कोण?" काकींनी विचारलं.

"मी आहे, काकी." मी पुटपुटले.

"मोठ्यानं गं! वर चढलेल्याला ऐकू आला पाहिजे. काय जेवलीस ते सांग."

मी उभी राहिले आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले. काल रात्री भात खाल्ला. उडदाचं वरण होतं. वरण पातळ झालं होतं, पण वास बरा होता. मग पापड खाल्ला, नागलीचा. पापडापर्यंत आले, तेव्हा आत पहिला तांब्या ओतल्याचा आवाज झाला, आणि मी न थांबता पुन्हा भातापासून सुरुवात केली.